निवडलेला पाला

रानभाजी ओळखायची ती नाकाने. पान चुरगळायचं, हुंगायचं, मगच ओच्यात टाकायचं. गावातल्या बायका पान घेऊन माझ्याकडे यायच्या, "मनकर्णाबाई, हे काय हाय बघा," आणि मी न बघताच सांगायची. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं. शेणाचा नाही, लसणाच्या फोडणीचा नाही, कशाचाच वास येईना. जिभेची चवही त्याच्यासोबत गेली. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुनेने, बबिताने, दुसऱ्याच दिवशी चूल ताब्यात घेतली असती आणि मी ओसरीवर माश्या मारत बसले असते. डोळ्यांवर काम भागवलं. यंदा डोळ्यांवरही मोतीबिंदूचा पडदा आला. तरी पान नाकाशी न्यायचं नाटक मी सोडलं नाही.

त्या दिवशी माझा लेक मल्हारी सकाळपासून कापसावर फवारणी करत होता. मी बांधावरून तांदुळजा खुडून आणला आणि लसूण-मिरचीत परतला. तो दुपारी आला, आंघोळ करून जेवला, दोन भाकरी खाल्ल्या. आम्हा सासूसुनांचं जेवण अजून व्हायचं होतं.

तासाभरात त्याने पाण्याचा तांब्यावर तांब्या रिकामा केला, तरी तोंड कोरडंच. चेहरा लालबुंद झाला, अंग तव्यासारखं तापलं. मग तो हवेतून दोरा ओढल्यागत बोटं हलवायला लागला. मी जवळ गेले तर बबिताला म्हणाला, "ही बाई कोन हाय? हिला भाईर काढ."

पोटच्या लेकाने असं विचारावं?

"फवारा बाधला त्येंला," असं म्हणत बबिता शेजारच्या बन्सीधरला बोलवायला पळाली. त्याची जीप दारात येईपर्यंत मी सुपातला उरलेला पाला उचलला. एक पान चुरगळून नाकाला लावलं. काही नाही. दुसरं लावलं. काही नाही. पाला पदरात बांधला आणि जीपमध्ये बसले. जिंतूरचा दवाखाना येईपर्यंत मी मनात एकच म्हणत होते, देवा, फवाराच असू दे. सांगायला लाज वाटते, पण म्हणत होते.

दवाखान्यात बबिताने फवारणीचं सांगितलं. डॉक्टरांनी सुई भरायला लावली आणि बॅटरीने मल्हारीचे डोळे बघितले. ते थांबले.

"फवारणीच्या विषाने बाहुल्या बारीक होतात. ह्याच्या एवढ्या मोठ्या कशा? काय खाल्लं ह्याने? नीट सांगा. फवारा असेल तर ही सुई वाचवेल. दुसरं काही पोटात गेलं असेल तर हीच सुई घात करील."

"तांदुळजा खाल्ला, सायब," बबिता म्हणाली. "पर तो आत्याबाईंनी निवडलाय. त्येंच्या हातनं चूक व्हतच न्हाई."

तिने हे किती विश्वासाने सांगितलं. गप्प बसले असते तर माझा मान राहिला असता, आणि नर्स सुई घेऊन उभीच होती. मल्हारी खाटेवर दोन माणसांना आवरत नव्हता. मी पदराची गाठ सोडली आणि पान बबितापुढे धरलं.

"तूच हुंग."

तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. "लय घान वास यायलाय. धोतरा हाय ह्यो. तुमाला आला न्हाई?"

"मला कशाचाच येत न्हाई, बाई. दोन साल झाले."

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवायला सांगितली. बबिताने माझ्या पदरातला पाला उचलून डॉक्टरांपुढे ठेवला. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मल्हारीने मला ओळखलं. "माय," म्हणाला. मला रडू आवरेना.

"भाजी मीच केलती रे. मला वास बी कळंना, चव बी कळंना."

"पहिल्याच घासाला कडू लागली व्हती," तो हळूच म्हणाला.

"मग खाल्लास कशाला?"

"तू समोरच बसली व्हतीस, माय. कसं टाकू?"