उजवीकडचं स्टिअरिंग

गेल्या गणपतीत विकीने धाकट्या भावाचा, हर्षवर्धनचा, दात पाडला तोही गाडीवरूनच. वसईजवळ वालीवला त्यांच्या बापाचं, जयरामांचं गॅरेज. तिथे दोघांच्या दोन अमेरिकन गाड्या. विकीची मस्टँग एकोणसत्तरची: कार्ब्युरेटर, रेड्यासारखं डुरकणारं इंजिन, ड्रम ब्रेक. स्टिअरिंग त्याने स्वतः खपून डावीकडून उजवीकडे आणलेलं. हर्षवर्धनची कॅमेरो सत्त्याऐंशीची, इंजेक्शनवाली, डिस्क ब्रेकची. स्टिअरिंग मूळचं, डावीकडे.

"ओरिजिनल गाडीची वाट लावलीस," धाकटा डिवचायचा.

"तू ओव्हरटेक करताना बाजूवाल्याला विचार, समोरून बस येतेय काय!" थोरला सुनवायचा.

शेवटी जयराम वैतागले. "उद्या दोनी गाड्यांत बसतो. कोनाची बरी, त्याचं गॅरेज. दुसऱ्याने दुसरीकडे पोट भरायचं."

शाळा सोडल्यापासून या गॅरेजबाहेर विकीने काही केलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याने बापाला मस्का लावायला मस्टँगमधून एक फेरी मारून आणली. वळणावर मस्टँग थांबता थांबेना.

"ब्रेक लागत नाय तुझा," जयराम म्हणाले.

"जुनी गाडी आहे बाबा, दाबून मारायचा," विकी हसला.

सकाळी मस्टँग चालूच होईना. जयराम कॅमेरोत बसून निघून गेले. विकीने बॉनेट उघडलं, तर कॉइलची वायर कोणीतरी उपटलेली. कोणीतरी कसलं, त्या हरामखोरानेच! विकीच्या डोक्यात सणक गेली. टायर उतरवायची लोखंडी टामी घेऊन तो फाटकात उभा राहिला.

कॅमेरो आत वळली. काळ्या काचांतून काही दिसत नव्हतं, पण ड्रायव्हर कुठे बसतो हे काय विकीला कोणी शिकवायचं? तो उजव्या दारावर धावला. पहिल्या घावात काच फुटली, दुसरा आतल्या डोक्यावर बसला. हाड मोडल्याचं त्याला हातात जाणवलं, आणि त्याला बरं वाटलं.

मग डावं, स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडून हर्षवर्धन उतरला. धडधाकट.

उजव्या सीटवर जयराम कलंडले होते. डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं. हर्षवर्धनने विकीचं डोकं बॉनेटवर आपटलं, नाक फुटलं तरी आपटत राहिला. विकीने हात उचलला नाही.

"बाबाला आधी हॉस्पिटलला ने, मग मार," एवढंच तो म्हणाला.

कॅमेरो सुटली. मागच्या सीटवरून विकीने बापाच्या डोक्याला फडकं दाबून धरलं.

"यानेच वायर काढली, बाबा," तो रडत म्हणाला.

जयरामांचे ओठ हलले. "मी काढली रे. ब्रेक लागत नाय... पैजेपायी जोरात हाकशील, मरशील म्हनून."

समोर बस आडवी आली. हर्षवर्धनने ब्रेक दाबला आणि कॅमेरो जागच्या जागी थांबली. जयरामांची मान पुढे पडली. विकीने ती उचलून धरली, पुन्हा पुन्हा उचलली, पण ती काही सरळ राहिली नाही.