दुसरी किल्ली

हे विजेचं इंजिन ज्याने आखलं, त्याचा माणसांवर काडीचाही विश्वास नसावा. अख्ख्या इंजिनाला किल्ली एकच. ती फिरवली तरच छपरावरचा पँटोग्राफ, म्हणजे वीज घेणारा सांगाडा, रुळांवरच्या तारेकडे चढतो, आणि तो खाली बसल्याशिवाय किल्ली निघत नाही. मागे जाळीची खोली आहे, तिथे उघड्या तांब्याच्या पट्ट्यांतून हजारो व्होल्ट धावतात. तिचं दारही ह्याच किल्लीने उघडतं. म्हणजे आत गेलेल्याचा जीव त्याच्याच खिशात.

आज चाळीस वर्षांनी हे इंजिन चालणार होतं. तारेत वीज सोडलेली होती. माझी मुलगी रेल्वेच्या ह्या संग्रहालयात इलेक्ट्रिशियन आहे. एक ढिला बोल्ट आवळायला ती जाळीत शिरली होती. मी बाहेर खुर्चीत गुडघ्यांना शिव्या घालत बसलो होतो. सकाळीच माझी जुनी हत्यारपेटी केबिनमध्ये मोठ्या थाटात ठेवून आलो होतो, लोकांनी बघावी म्हणून.

केबिनच्या खिडकीतून लंबूने डोकं काढलं. पूर्वी मी ड्रायव्हर आणि तो माझा मदतनीस. आज चालवणार तो होता.

"उस्ताद, पोरीचं काम उरकलं वाटतं. किल्ली तुमच्या पेटीत टाकून गेली," असं म्हणून त्याने ती लावून फिरवली आणि पँटोग्राफ चढवायचा हवेचा हातपंप मारायला लागला.

पेटीतली ती दुसरी किल्ली मी पूर्वी स्वतः कानशीने घासून केली होती, आणि पेटीत आहे हे साफ विसरलो होतो.

"थांब! पोरगी आत आहे!"

"किल्ली इथे लागलीय, उस्ताद! मग आत कोण असणार? तुम्हीच शिकवलंत की!"

पंपाच्या दर झटक्याला पँटोग्राफ वीतभर वर सरकत होता. जाळीतून मुलीची शीळ ऐकू येत होती. पंप तिलाही ऐकू येत असणार, पण किल्ली खिशात असताना ती कशाला घाबरेल?

केबिनच्या त्या तीन पायऱ्या मी कशा चढलो, देव जाणे. लंबूला ढकललं आणि किल्ली उलटी फिरवली. हवा सुटली. तारेपासून हातभर अंतरावरून पँटोग्राफ खाली आला. मी किल्ली उपसली.

मुलगी बाहेर आली. तिच्या हातात एक किल्ली, माझ्या हातात दुसरी.

"ही कुणी केली?"

"मी." लाजेने मान वर होईना. "तेव्हा वेळापत्रक मानगुटीवर बसलेलं असायचं. जाळीचं दार लागल्यासारखा आवाज आला की मी हिनेच पँटोग्राफ चढवायचो. दोन मिनिटं वाचायची."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

"आणि आत कोण असायचं, बाबा?"

लंबू पंपाच्या दांड्याला धरून उभा होता.

"मी असायचो," तो म्हणाला. पुढे 'उस्ताद' लावलं नाही.