सागवानाचा ठराव

या बालमित्रांनो, या. असे दारात घुटमळू नका. चपला बाहेर ठेवा आणि माझ्यावर येऊन बसा. अंगावर थोडी धूळ आहे, पण कीर्तनाला आलेल्या माणसाने धुळीची तक्रार करू नये. अजून जरा पुढे सरका. बुवा कथा लावण्याआधी सभा एकदा शांत करून घेतात, तसे मलाही करू द्या. मला गाता येत नाही, पण तुम्हाला एक गोष्ट सांगायचे मी आज कबूल केले आहे.

मी एक जुनी सतरंजी आहे. इंदूरच्या मिलमागच्या चाळीत जे छोटे राममंदिर आहे, त्याच्या सभामंडपात माझा जन्म गेला. माझा एक काठ लाल आणि दुसरा निळा.

मला विणले शंकररावांनी. ते मिलच्या विणाई खात्यात कामाला होते. सहा दिवस मिलचे माग चालवायचे आणि सुटीच्या दिवशी वडिलांच्या वेळचा घरचा हातमाग, असा त्यांचा नेम. खात्याचे जॉबर तात्याराव म्हणजे कामगारांवरचे मुकादम. त्यांनी साहेबांना विचारून उरलेल्या रंगीत सुताची गाठोडी घरी न्यायला परवानगी मिळवली. शंकररावांच्या पत्नी गयाबाई ते तुकडे गाठी मारून जोडत आणि शंकरराव भजन गुणगुणत विणत. भजनाचा ताल चुकला की पट्टाही चुके. मध्येच हसून ते म्हणत, "गया, बघ, इथे देव विसरलो."

मी मंदिरात आले तो दिवस अजून आठवतो. मारुतीबुवा कीर्तनाला उभे राहिले आणि म्हणाले, "आज बसायला राजाची गादी आहे हो!" सगळ्या सभेने वळून शंकररावांकडे पाहिले. ते मात्र खांबामागे लपले होते.

पण मित्रांनो, ज्या कापसाची मी झाले, तोच कापूस त्यांच्या छातीत जाऊन बसला. मिलच्या हवेत तंतू उडत असत, उन्हाच्या कवडशात धुके तरंगावे तसे. कामगार घरी येऊन गूळ खात, म्हणजे घशातले तंतू खाली उतरतील. काहींचे उतरत. शंकररावांचे उतरले नाहीत. चाळीत असे खोकणारे पुष्कळ होते. म्हणून खात्याच्या लोकांनी एक आजार निधी काढला. पगाराच्या दिवशी ज्याने त्याने यथाशक्ति टाकायचे, तो पैसा बँकेत मुदतीने ठेवायचा आणि व्याजातून छातीच्या रोग्यांची औषधे आणायची. तात्याराव त्या निधीचे अध्यक्ष. सभा माझ्यावरच भरे.

त्या सभांची एक रीत होती. ठराव वाचून झाला की हात वर करायचे नाहीत. ज्याला मान्य असेल त्याने उठून लाल काठाकडे बसायचे, नसेल त्याने निळ्या काठाकडे. हात वर करायला काय लागते? शेजाऱ्याचा झाला की आपला होतो. पण बूड उचलून जागा बदलायची म्हणजे माणूस क्षणभर तरी विचार करतो. कोण उठताना अडखळला आणि कोण उगाच मध्ये रेंगाळला, ते मला अंगाला कळे. काठ निवडून झाले की मग तात्याराव "सीताकांत स्मरण" म्हणत, आणि सभा "जय जय राम" म्हणून उठे.

मग ते दिवस आले. देशाचे दरवाजे उघडले, नवे वारे आले, असे लोक वर्तमानपत्र वाचून सांगत. आमच्याकडे मात्र एक दरवाजा बंद झाला, तो मिलचा. आधी एक पाळी गेली, मग खाती गेली, मग फाटकाला कुलूप पडले. निधीत टाकायला कुणाकडे काही उरले नाही. औषधे महागत गेली आणि व्याज होते तिथेच राहिले. गयाबाई डबे करू लागल्या. शंकरराव ओट्यावर बसून श्वास मोजून घेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला इंदुरी थाटात हसून म्हणत, "मिल बंद झाली भिया, पण माझा भाता अजून चालू आहे."

अशा वेळी तात्यारावांचा भाचा जयेश पुढे आला. बी.कॉम. झालेला, सियागंज बाजारात एका दलालाच्या पेढीवर बसणारा, मनाने चांगला मुलगा. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक त्याला बरेच काही बोलले.

रामनवमीचा दिवस होता. मारुतीबुवांचे कीर्तन रंगले, भर दुपारी रामजन्म झाला, पाळणा हलला. मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तात्यारावांना वाटले, एवढी माणसे आहेत, शुभ दिवस आहे, निधीचे काम आताच उरकावे. सुंठवड्याच्या पराती आतून आणून ठेवल्या होत्या आणि पोरांचे डोळे तिकडेच लागले होते.

जयेश हिरवे पान छापलेला चकचकीत कागद घेऊन उभा राहिला.

"मामा, काका, काकू, जमाना बदललाय," तो म्हणाला. "मोठमोठे ट्रस्ट, मोठमोठे फंड आज काय करतायत ते बघा. कोई भी बँकेत पैसा सडवत नाहीये. नवा ट्रेंड तीन गोष्टींचा आहे. फायनान्स, टेलिफोन आणि हरियाली. पहिल्या दोन्हींत रिस्क आहे, ते आपल्याला नको. पण झाड? आपण झोपलो तरी झाड वाढतच असतं. बेटमा गावाजवळ एका कंपनीने जमीन घेतलीय, सागवान लावलंय. सियागंजातल्या दोन बड्या व्यापाऱ्यांनी पैसे टाकले. आपण मागे राहायचं का?" मग थोडे थांबून तो म्हणाला, "आणि एक सांगू? झाडाला ना संप, ना टाळेबंदी."

त्या एका वाक्याने सभा त्याची झाली. ज्यांनी फाटकावरचे कुलूप रोज पाहिले होते, त्यांना आणखी काय ऐकवायचे? माझ्यावर बसलेली माणसे एकदम सैल झाली.

फक्त गयाबाई पुढे झुकल्या. "अरे जयेश, सागवान तोडायला किती वर्षं लागतात?"

"वीस धरा, काकू. पण दर सहा महिन्यांनी हप्ता येणार ना! कंपनीने लिहून दिलंय."

"आणि हप्ता थांबला तर? यांच्या छातीला काय सांगू, वीस वर्षं दम धर?"

मागून एकजण ओरडला, "गयाबाई, शंकररावांना बेटम्यालाच न्या! झाडाखाली खाट टाका. हवा एकदम फर्स्ट क्लास!"

सगळे हसले. शंकररावही हसले आणि हसता हसता त्यांना उबळ आली. गयाबाईंनी त्यांची पाठ चोळली. मग पदर खोचून त्या उठल्या. निळ्या काठाकडे त्यांनी एक पाऊल टाकले. ते पाऊल मी ओळखले. त्यात राग नव्हता, भीती होती.

आणि त्याच क्षणी तात्यारावांनी पोरांकडे पाहिले, पराती पाहिल्या, हात उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सीताकांत स्मरण!"

"जय जय राम!" सभा गरजली.

मित्रांनो, लहानपणापासून कीर्तन ऐकलेल्या माणसाची जीभ त्या नावाला कशी थांबेल? सगळ्यांनी म्हटले. शंकररावांनी म्हटले. उभ्या असलेल्या गयाबाईंनीही डोळे मिटून, हात जोडून म्हटले. कुणी काठ निवडला नाही. माणसे उठली, सुंठवड्याकडे वळली. तात्याराव समाधानाने म्हणाले, "झालं! रामाचं नाव घेऊन सगळ्यांनी होकार दिला. आता आणखी काय विचारायचं?"

मोठमोठ्या संस्था पैसा कुठे ठेवायचा हे कशाच्या आधारावर ठरवतात, ते मला कळत नाही. मी सतरंजी. पण आमच्या लहानशा संस्थेने कसे ठरवले ते मी खालून पाहिले. दुसऱ्याने टाकले म्हणून टाकले. मागे राहू म्हणून टाकले. कागद सुंदर होता म्हणून टाकले. पैसा कशासाठी साठवला आहे आणि तो कधी लागणार आहे, हे एकाच बाईने विचारले, आणि तिचा प्रश्न जयघोषात बुडून गेला.

पहिला हप्ता आला. तात्यारावांनी पेढे वाटले आणि गयाबाईंच्या हातावर मुद्दाम दोन ठेवले. त्यांनी नमस्कार करून घेतले. दुसरा हप्ता उशिरा आला. तिसरा आलाच नाही. जयेश कंपनीच्या कचेरीत गेला तर तिथे लग्नपत्रिकांचे दुकान लागले होते.

तात्याराव तरी खचले नाहीत. म्हणाले, "कचेरी पळेल रे, झाडं कुठे पळतायत? जमिनीत पाय आहेत त्यांचे. चला, बघून येऊ. पूजा करू, भजन करू."

म्हणून मी आयुष्यात प्रथमच चाळीबाहेर पडले. टेंपोत माझी वळकटी, तिच्यावर मारुतीबुवा, शेजारी जयेश, तात्याराव आणि हळदकुंकवाचे ताट घेऊन गयाबाई. धार रस्त्याने बेटमा आले, मग कच्चा रस्ता लागला. शेवटी टेंपो थांबला. हिरवे पान रंगवलेला एक फलक वाकून उभा होता. त्याच्यामागे कापलेल्या गव्हाचे खुंट, नजर पोचेल तिथवर. कडेला गुडघ्याएवढ्या वाळक्या काड्यांची एक ओळ होती.

एक म्हातारा शेतकरी बैल हाकत आला. तात्यारावांनी विचारले, "बाबाजी, यहाँ सागवान किधर है?"

"सागवान?" त्याने डोक्यावरचा फेटा सारखा केला. "यां तो गेहूँ है, बा साब. जमीन म्हारी है. बोर्डवाला फोटू खेंचवा आया था, फेर कदी दिख्या नी. सागवान तो बस म्हारा घर का किंवाड़ में है."

जमीन त्याचीच होती, आणि बोर्डवाले फोटो काढून गेले ते पुन्हा फिरकले नव्हते. तो थट्टा करत नव्हता. त्याच्या घराचे दार खरेच सागवानी असेल.

जयेश मटकन खाली बसला. "मामा, माझ्या बाबांचेही पैसे टाकलेत मी यात," एवढेच बोलला. बुवांनी मला त्या खुंटांवर पसरले आणि तात्यारावांना माझ्यावर बसवले. खुंट माझ्या अंगात घुसले, पण मी कुणाला टोचू दिले नाहीत. भजन कुणी म्हटले नाही. गयाबाईंनी ताटातले कुंकू त्या वाळक्या काड्यांना लावले. का लावले ते त्यांनाच ठाऊक. मग म्हणाल्या, "चला, यांच्या औषधाची वेळ झाली."

औषध आता एक दिवसाआड झाले होते. जयेशने स्कूटर विकली आणि काही आठवडे बाटल्या आणून दिल्या. मग त्याच्याकडेही विकायला काही राहिले नाही. निधीवर अवलंबून असलेले बाकीचे रोगी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहू लागले. शंकररावांना तेवढे उभे राहवत नव्हते. त्यांना ओट्यावर घरघर लागे, ती मंडपात मला ऐकू येई. मी नुसती पडून असे. सतरंजीला हात नसतात, मित्रांनो.

एका दुपारी शंकरराव कीर्तन ऐकायला म्हणून मंडपात आले. दोघांनी धरून आणले. तात्याराव मान खाली घालून समोर आले. शंकरराव थांबत थांबत म्हणाले, "तात्या... त्या बागेतलं... एक लाकूड तरी मागवून ठेवा. मला लागेल... लवकरच."

तात्याराव लहान मुलासारखे रडले. शंकररावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. हसायचा प्रयत्न केला, पण हसायला श्वास पुरला नाही.

पौषातल्या थंडीत ते गेले.

तेराव्याला मंडपात मारुतीबुवांचे कीर्तन झाले. संपताना तात्याराव उठून म्हणाले, "जे झालं ते दैवाने झालं. ठराव आपण सगळ्यांनी मिळून केला होता..."

"तात्या," गयाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी हो म्हटलं नव्हतं. मी रामाचं नाव घेतलं होतं."

 मग मागच्या बाजूने एक थकलेला आवाज आला, "मीसुद्धा." मग आणखी एक आला. मग बायकांतून एक आला. एकेक आवाज उठत गेला आणि तात्याराव वाकत वाकत खाली बसले. ते माझ्यावर बसले नाहीत. माझ्या पलीकडे, उघड्या फरशीवर बसले. गयाबाई म्हणाल्या, "वर बसा हो तात्या, थंडी आहे." ते आले नाहीत. त्यानंतर जितकी वर्षे ते कीर्तनाला आले, तितकी फरशीवरच बसले. थंडीतही माझ्या काठाला त्यांनी कधी पाय लावला नाही.

आता माझी वीण विरली आहे. उंदरांनी कोपरा कुरतडला आहे. मला झटकून उन्हात टाकलेत तर बरे वाटेल, पण माझे मागणे ते नाही. मोठे व्हाल तेव्हा तुम्हीही कुठल्यातरी संस्थेच्या सभेत बसाल आणि दहाजणांचा पैसा तुमच्या शब्दावर हलेल. तेव्हा देवाचे नाव देवासाठी घ्या, भरभरून घ्या. पण हो म्हणायचे की नाही, ते त्याआधी प्रत्येकाला वेगळे विचारा. ज्याच्या औषधाचा तो पैसा आहे, त्याला सगळ्यांत आधी विचारा. आणि हसू नका त्याला.

आणखी एक. निजण्यापूर्वी हात जोडाल तेव्हा शंकररावांना आठवा. कीर्तनात सगळे टाळ्या वाजवीत, तेव्हा छातीला धक्का बसू नये म्हणून ते दोनच बोटांनी, अगदी हळू, माझ्यावर ताल धरीत. बाकी कुणाला तो ऐकू येत नसे. तुम्ही त्यांची आठवण ठेवा.