तुटक्या कोपऱ्याचा शिक्का

"बाई, सही करायच्या आधी वरची तारीख बघत जा," असं शिपाईकाकांनी टायपिस्टबाईंना एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. बाई पर्स खांद्याला अडकवत म्हणाल्या, "अहो काका, पाळणाघर सहाला बंद होतं. तारीख काय पळून जाते का?"

मित्रांनो, तारीख पळते. मागेसुद्धा पळते. तिला पळवलं गेलं ते माझ्याच अंगावरून. मी वकीलसाहेबांच्या टेबलावरचा तारखेचा जुना शिक्का. माझ्या पोटात आकड्यांचे रबरी पट्टे आहेत, भोवती चौकट. नवा होतो तेव्हा माझा ठसा असा स्वच्छ उठे की बघत राहावं.

एकदा पाळणाघराला सुट्टी होती म्हणून बाईंनी आपल्या अडीच वर्षांच्या लेकीला, चिमीला, ऑफिसात आणलं. तिच्या हातून मी फरशीवर पडलो आणि चौकटीचा उजवा कोपरा उडाला. साहेबांनी सगळ्यांदेखत बाईंकडून लेखी माफी घेतली, त्यावर माझाच ठसा मारला आणि कागद फायलीला लावला. नवा शिक्का मात्र आणला नाही. "चालतोय की!" म्हणाले. चिमी हुंदके देत होती. ते मी विसरलो नाही.

पुढच्या वर्षी कायदा बदलला. तोवर मोठे लोक आपला पैसा परदेशातल्या ट्रस्टच्या नावावर ठेवत. कागदोपत्री तो परक्याचा, त्यावरचे बंगले-गाड्या यांच्या, आणि कर भरायला बाकीचे आहेतच! नवा कायदा म्हणाला, चैन ज्याची, कर त्याचा. जुन्या ट्रस्टना मात्र सूट होती. एका शेठचा ट्रस्ट नेमका उशिरा झाला. साहेबांनी माझे पट्टे तीन वर्षं मागे फिरवले, ट्रस्टच्या कागदावर ठसा मारला, खाली सही करून तीच तारीख स्वतःच्या हातानेही घातली. साक्षीदार म्हणून सही घेतली ती बस गाठायच्या घाईत असलेल्या बाईंची.

चौकशी आली, तेव्हा साहेब सरळ म्हणाले, "शिक्के बाईच मारतात. मला काय ठाऊक?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याला नेलं तर चिमीला आणायला कोण जाणार?

करखात्याच्या अधिकारीबाईंनी भिंग लावलं. "त्या वर्षीच्या बाकी कागदांवर चौकट पूर्ण आहे. इथेच कोपरा नाही. कधी तुटला हा?"

शिपाईकाकांनी फायलीतून बाईंचं माफीपत्र काढून पुढे ठेवलं.

"म्हणजे गेल्या वर्षी. तुम्हीच लिहून घेतलंत, साहेब. आणि सहीखालची तारीख कोणाच्या अक्षरात आहे?"

साहेबांना घाम फुटला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? तो घाम मी डोळे भरून पाहिला. ज्या कोपऱ्यासाठी त्यांनी बाईंना मान खाली घालायला लावली, त्याच कोपऱ्याने त्यांची मान पकडली. पुढे कायद्यातली ती सूटही गेली. आता ट्रस्ट झाल्यापासून महिन्याभरात त्याची सरकारी नोंद नसेल, तर मागची तारीख काही कामाची नाही.

मी आता पुरावा म्हणून लाखेने बंद केलेल्या पाकिटात आहे. मला दुरुस्त करू नका. हा कोपरा असाच राहू द्या. पण खोट्या कागदावर साक्षीदार म्हणून सही आहे, म्हणून खटला संपेपर्यंत बाईंना कोणी कामावर ठेवत नाही. आणि अशी घाईतली बाई तुमच्याही घरात असेल; आई, मावशी, ताई. आज ती दमून घरी आली की आधी पाणी द्या. मग जवळ बसून विचारा, "आज कशावर सही केलीस? वरची तारीख बघितलीस ना?"