कपात बघून नाही

“कपात बघून नाही, बाबा. माझ्याकडे बघून सांगा!”

सकाळी दुकानाचं शटर वर सरकवते, तेव्हा त्या खडखडाटातून हा आवाज अजून वर येतो. माझ्या नवऱ्याचा. आजारपण लहान होतं त्याचं, आवाज मोठा होता. आजारपण त्याला घेऊन गेलं, आवाज न्यायला विसरलं.

आमचं मिल्क टीचं दुकान. कडक कोरा चहा उकळून गार करायचा, त्यात दूध, त्यात कसला तरी पाक, तळाशी साबुदाण्याचे काळे मोती, वर बर्फ. शेकरमध्ये घुसळायचं, कपावर यंत्राने झाकण चिकटवायचं आणि जाड नळीसकट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. एवढं सगळेच करतात. आमच्याकडे गंमत होती ती पाकात. नवऱ्याला भलत्याच चवींची सोयरीक जमवायचा नाद. भाजलेले तीळ आणि गुलाब. नासपती आणि मिरी. भोपळा आणि करपवलेली साखर. घुसळता घुसळता तो स्वतःचंच काहीतरी गुणगुणायचा,

गोड नांदलं खाऱ्याघरी,
कडू खेळतं मांडीवरी.

दुकानात कायदा एकच होता. नवी चव ज्याने केली, त्याने ती शेवटी चाखायची. पहिला घोट सासऱ्यांचा. त्यांनी प्यायचं, करणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं आणि सांगायचं, ‘उतरला’ नाहीतर ‘अडला’. अडला म्हटलं की चहा मोरीत. त्यावर अपील नाही.

“हा चहा आहे की गुडघ्याला चोळायचं तेल? अडला!” सासरे गरजायचे.

“तुमच्या जिभेला गंज चढलाय, बाबा!”

“चढू दे. गंजल्या जिभेलाही कळतंय, म्हणजे बघ.”

अख्खा रस्ता ऐकायचा. आणि दुपारी तेच दोघे एका डब्यातून, एकमेकांच्या घासावर डोळा ठेवून जेवायचे.

आता पाक मी करते. सासरे पितात, कपात बघतात आणि म्हणतात, “उतरला, सूनबाई.”

सगळंच उतरतं. आलं आणि केळं उतरलं. काकडी आणि कॉफी उतरली. गिऱ्हाइकं मात्र हळूहळू समोरच्या फुटपाथवरून जायला लागली.

शेजारचे शिंपीकाका तेवढे नेमाने येतात. परवा कप हातात धरून म्हणाले, “काल तुझा तो आलं-केळ्याचा चहा प्यायलो. डोळ्यांत असं पाणी आलं, की एका शर्टाची एक बाही दुसरीची थोरली बहीण झाली.”

“बाबा तर उतरला म्हणाले.”

“तुझा सासरा तुला कशाला नाही म्हणणार आहे?” ते हसले. जाताना अर्धा कप कट्ट्यावर राहिला. काका विसराळू नाहीत.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. तो राहतो तिथे एका शाळेच्या कँटीनमध्ये बाई हवी होती. “राहायची सोय आहे. तुझी वहिनीसुद्धा ये म्हणतेय. तिथे आता तू कुणाची कोण, ताई? रविवारपर्यंत कळव.”

कुणाची कोण. ते दोन शब्द काळ्या मोत्यासारखे नळीत अडकून बसले. ओढले तर वर येईनात, सोडले तर खाली जाईनात.

मी सासऱ्यांना सांगितलं. ते शेकर विसळत होते. नळ बंद केला, शेकर फडक्यावर पालथा घातला, पुन्हा उचलला आणि त्याच्या आत बघत म्हणाले, “तुला बरं वाटेल तसं कर.”

रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांच्या बोलण्यात अदब होती. पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देताना असते तशी. त्या अदबीनेच मला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

शनिवारी दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. मी संत्रं कापलं.

दुधाच्या चहात संत्रं आणायचं तर सालीचा पाक करतात. रस घालत नाहीत, आणि गरम चहात तर नाहीच नाही. दूध फाटतं. लग्न होऊन दुकानात आले तेव्हा मी हीच चूक केली होती आणि सासऱ्यांनी मला फैलावर घेतलं होतं. “डोळे घरी डब्यात ठेवून आलीस का?” तेव्हा मागच्या खोलीत जाऊन साखरेच्या पोत्यावर बसून रडले होते. आज त्याच ओरड्याची मला तहान लागली होती.

वाफाळता चहा घेतला. दूध घातलं. वरून रस पिळला. दुधाचे कण झाले, पाणी वेगळं झालं. त्यात चमचाभर मीठ घातलं आणि कप सासऱ्यांसमोर ठेवला.

ते खुर्चीत नीट बसले. एक घोट घेतला. गळ्याची घाटी वर गेली, जरा थांबली, खाली आली. मग दुसरा घोट. मी बघत राहिले आणि ते पीत राहिले, तळाच्या चोथ्यापर्यंत. मिशीला पांढरा कण लागला होता.

“उतरला, सूनबाई,” ते कपात बघून म्हणाले.

“बाबा, दूध फाटलंय.”

त्यांनी रिकामा कप हातातच फिरवला.

“चमचाभर मीठ आहे त्यात.”

“कळलं.”

“मग का प्यायलात?” माझा आवाज इतका चढला, की शेजारचं शिलाई मशीन थांबलं. “पहिल्यांदा दूध फाडलं तेव्हा केवढे ओरडला होतात मला! त्याला तर रोज झोडायचात. मी एकटीच काय परकी झाले? गोड बोलून बोलून माझी बोळवण करताय तुम्ही.”

कप त्यांनी हळूच खाली ठेवला.

“तेव्हा तू त्याची होतीस,” ते म्हणाले. “कितीही ओरडलो तरी संध्याकाळी आपण तिघं एकाच वाटेने घरी जायचो. मला भीती कसली? आता तुला धरून ठेवायला माझ्याकडे आहे काय? रक्ताचं नातं नाही. हुकूम करायचा हक्क नाही. म्हटलं, हिला एक कडू शब्द ऐकवला आणि ही उठली तर? म्हणून सगळं गिळत गेलो, पोरी. ते केळंसुद्धा.”

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं.

“आणि भावाकडे जायचं विचारलं तेव्हा?”

“तेव्हाही गिळलंच.”

बर्फाच्या पेटीत एक खडा सुटून खाली पडला. मी त्यांच्यासमोरचं स्टूल ओढलं आणि बसले. एवढी जवळ, की त्यांना कपात बघायला जागाच उरली नाही.

“कायदा काय आहे दुकानाचा, बाबा?”

सासऱ्यांनी मिशी पुसली. मान वर केली. डोळे लाल होते, काठोकाठ भरले होते. तो गेल्यापासून पहिल्यांदाच ते सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते.

“अडला,” ते म्हणाले. “इतका घाण चहा मी जन्मात प्यायलो नाही. आणि सूनबाई, तू जाऊ नकोस.”