स्वतःच्या विनंतीवरून

मी रबरी शिक्का बोलतोय. लाकडी मुठीचा, तळाला तीन शब्द कोरलेला: ‘कामगाराच्या स्वतःच्या विनंतीवरून’. या तीन शब्दांत मी आयुष्यभर खोटं बोललो, आणि त्याची मला भयंकर चीड आहे.

क्राकोव शहरातल्या एका दुकानात मला घडवलं आणि डोंगराखालच्या काचेच्या कारखान्यात धाडलं. नाताळच्या झाडावर टांगायचे गोळे इथे बनतात. बायका रांगेनं बसून त्यांच्यावर बर्फ, चांदण्या, चिमण्या रंगवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात मान वर करायची सोय नसते. आठ तास झाले की वर आणखी दोन.

इथला कायदा तसा सरळ आहे. जादा कामाच्या बदल्यात मालकानं आपणहून सुटी दिली, तर ती दीडपट द्यावी लागते. कामगारानं लेखी मागितली, तर जेवढ्यास तेवढी. या फटीत मला बसवलं.

रिशार्द हा तिथला मुकादम. जिभेवर खडीसाखर. हंगाम लागला की सुटीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेऊन रांगेतून फिरायचा. ‘सही टाका गं, बाकीचं मी भरतो. रंग सुकतोय तुमचा.’ आणि तो सुकतोच. मध्येच सुकला की गोळा फुकट. म्हणून बायका एका हातात गोळा धरून, ब्रश दातांत पकडून सह्या ठोकायच्या. वाचतंय कोण! मग ऑफिसात मी धपाधप उमटायचो.

त्या रांगेतल्या लुत्सिनाचंही तसंच झालं. गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाच तिनं सोळा तास जादा काम केलं. तिची म्हातारी आई दूर पूर्वेकडच्या खेड्यात एकटी. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जायला एक दिवस, ऑपरेशनचा एक, पट्टी सोडायचा एक. वर्षाची रजा आईच्याच आजारपणात उडालेली. पण सोळाचे दीडपट चोवीस तास, म्हणजे नेमके तीन दिवस. ती खुशीत ऑफिसात आली.

‘दोन दिवस मिळतील,’ रिशार्द म्हणाला.

‘तीन होतात, साहेब. कायदा आहे.’

‘मी आपणहून दिली असती तर. तू मागितलीस ना? हे बघ.’ त्यानं माझ्या निळ्या ठशावर बोट ठेवलं.

‘मी कधी मागितली?’

‘मग ही सही कुणाची? माझ्या आजीची?’

लुत्सिनाच्या शेजारी रंगवायला बसणारी ग्राझिना दारात उभी होती. ‘सही घेताना लाडीगोडी आणि सुटी देताना कायदा. वा साहेब, तुमच्यासारखे तुम्हीच.’

‘तू जागेवर जा, ग्राझिना.’

‘एक दिवस बिनपगारी तरी द्या,’ लुत्सिना म्हणाली.

‘हंगामात? नावही काढू नकोस.’

मला त्या कागदावरून पुसून जाता आलं असतं तर! पण शाई वाळली होती. माझाच पुरावा करून त्यानं तिचं तोंड बंद केलं. असला नीचपणा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

लुत्सिना दोन दिवसांसाठी गेली. तिसऱ्या दिवशी, पट्टी सुटायच्या दिवशी, ती हजेरीची सही करायला ऑफिसात आलेली असताना फोन वाजला. नर्सनं म्हातारीच्या कानाला फोन लावून दिला होता. पलीकडचा आवाज टेबलावर मलाही ऐकू आला.

‘दिसतंय गं मला, लुत्सिना. सगळं दिसतंय. पण समोर ही परकीच बाई आहे. तू कुठे गेलीस?’

‘कामावर आहे, आई,’ ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रिशार्द कागद चाळत बसला.

आता माझं रबर झिजलंय. रिशार्दनं नवा शिक्का मागवलाय, त्याच्यावरही हेच शब्द असतील. बायांनो, गोळे फुटले तर फुटू देत, पण सही करण्याआधी कागद वाचा. लुत्सिनाचा अर्ज अजून फायलीत आहे. डोळे उघडतील तेव्हा आईसमोर आपण नसावं, अशी विनंती कुठली लेक करते?