रेल्वेसाठी मोजलेली जागा

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी लोखंडी साखळी आहे. नाकं मुरडू नका. विसाव्या शतकाच्या आरंभी मला मुंबईहून गलबतात घालून कुवेतला आणलं. कशाला? तर म्हणे इथे रेल्वे येणार!

जर्मनांना आपले रूळ थेट इथल्या समुद्राला भिडवायचे होते आणि इंग्रजांना ते भिडू द्यायचे नव्हते. म्हणून इंग्रजांनी स्टेशनाजोगी जागा आधीच भाड्याने घेऊन अडवायचं ठरवलं. मी इंग्रजांची. म्हणजे बघा, रेल्वे येऊ नये म्हणून रेल्वेची जागा मोजायची, हे माझं थोर काम! साहेब छत्रीखाली सरबत प्यायचा आणि रत्नागिरीचा खलाशी नौमान तापल्या वाळूत माझं टोक धरून धावायचा. तिकडे दूरदेशी मंत्री नकाशावर बोटं फिरवत भांडत बसले. मग महायुद्ध पेटलं आणि रूळ राहिले कागदावरच. साहेब मला वाळूत टाकून चालता झाला. नौमानने उचललं म्हणून वाचले.

तेव्हापासून मी त्याच्याच घराण्यात आहे. त्याचा पणतू इम्तियाज कुवेतच्याच रिग्गई भागात भाड्याच्या जागेत खानावळ चालवायचा आणि तिथेच मागे राहायचा. बायको रहिमा सुरमई तळायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची. मी गॅसच्या सिलिंडरांना बांधलेली असे. काम साधं होतं, पण खरं होतं.

मागच्या वर्षी पुन्हा मोजणीवाले आले. होणाऱ्या स्टेशनाकडे रस्ता काढायचा म्हणे! शंभर वर्षांत गाडी काही आली नाही, पण गाडीच्या नावाने बैठका झोडणं मात्र कुणी सोडलं नाही.

दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, ही आमच्या कोकणातल्या माणसांची खोड. "बसा, बसा! चाय घ्या," म्हणत इम्तियाजने त्यांना घावणे खाऊ घातले. त्यांना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता.

"अरे, मी धरतो ना!" इम्तियाज म्हणाला. आणि हा शहाणा स्वतःच्या उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप ताणून उभा राहिला! वर, आपला पणजोबाही रेल्वेच्या मोजणीत होता, हे छाती फुगवून सांगत होता. मला अस्सा राग आला!

थोड्याच दिवसांत नोटीस आली. जागा रस्त्यात जाते, खाली करा. भरपाई मालकाला, भाडेकरूला काही नाही.

रहिमा डोळे पुसत म्हणाली, "चाय दिलीत ती दिलीत, पन टेप कशाला धरलीत?"

"मेहमान होते गं."

"मेहमान काय घर मोजतात?"

इम्तियाज खाली मान घालून भांडी बांधायला लागला. खानावळ पाडली. रस्ता अजून झालेला नाही, तिथे लोक मोटारी लावतात. मोठमोठ्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी एवढं मात्र चोख केलं.

आता मी कुवेतच्याच सबाह अल-सालेम वस्तीतल्या त्यांच्या एका खोलीत, खाटेखाली पडून आहे. मित्रांनो, माझा गंज पुसू नका, मला तेल लावू नका, मला त्याची हौस नाही. माणसांची काळजी घ्या. कुणी मोजायला दारात आलं तर पाणी द्या, चहाही द्या; पण टेपचं टोक हातात घेण्याआधी, यात कुणाची जागा जाणार, एवढं विचारा. इम्तियाजने विचारलं नाही. आता तो दुसऱ्याच्या खानावळीत टेबलं पुसतो.